लॅपटॉप ‘स्लो’ आहे म्हणजे नेमकं काय स्लो आहे? हार्डवेअर, विंडोज की सॉफ्टवेअर?

पाटीपेन्सिल:

घरात २०१६ सालचा लॅपटॉप आहे. बिलावर ‘कोअर आय३ ५००५यू, ४ जीबी, १ टीबी’ असं लिहिलंय. विंडोज १० आहे. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप हाताळता यायला चार मिनिटं, आणि त्यानंतर क्रोम उघडेपर्यंत चहा होतो. कामं काही मोठी नाहीत: मुलांचे फॉर्म भरणं, यूट्यूब, सोसायटीच्या नोटिसा मराठीत टाइप करून प्रिंट काढणं.

दोन दुकानांत विचारलं. एक म्हणाला, हार्डवेअर संपलंय, नवा घ्या. दुसरा म्हणाला, हार्डवेअर ठणठणीत आहे, सॉफ्टवेअर बिघडलंय, फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकून देतो. दोघांत खरं कोण बोलतोय हे ओळखायला मला मुळात हे शब्दच नीट कळत नाहीत. हाताला लागतं ते हार्डवेअर आणि लागत नाही ते सॉफ्टवेअर, इथवर वाचलंय. पण विंडोजही सॉफ्टवेअरच ना? मग क्रोमपेक्षा ते वेगळं का धरायचं? आणि ४ जीबी कमी पण १ टीबी भरपूर, असं का? माप तर एकच आहे. पैसे घालायच्या आधी समजून घ्यायचंय.

खटपट्या:

‘हाताला लागतं ते हार्डवेअर’ ही व्याख्या बरोबर आहे आणि बिनकामाची आहे. त्यापेक्षा बटण दाबल्यावर काय काय होतं ते क्रमाने बघा.

वीज मिळाली की सगळ्यात आधी मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्राम जागा होतो. त्याला बायॉस म्हणतात, नव्या यंत्रांत यूईएफआय. तो प्रोसेसर, रॅम, कळफलक, डिस्क जागेवर आहेत का ते तपासतो. स्क्रीनवर कंपनीचा लोगो दिसतो तो हा टप्पा. मग तो डिस्कवरून बूट लोडर नावाचा छोटा प्रोग्राम उचलतो, आणि बूट लोडर विंडोजचा गाभा रॅममध्ये आणून बसवतो. गोल फिरणारे ठिपके दिसतात तेव्हा हे चाललेलं असतं. त्यापाठोपाठ ड्रायव्हर येतात, म्हणजे स्क्रीन, वायफाय, टचपॅड अशा एकेका भागाशी कसं बोलायचं हे विंडोजला सांगणारे तुकडे. मग लॉगिन. आणि लॉगिननंतर ‘सुरू होताना आपोआप चालू व्हा’ असं ज्यांना सांगून ठेवलंय ते सगळे प्रोग्राम एकदम डिस्कवर तुटून पडतात.

तुमची चार मिनिटं यातल्या कुठल्या टप्प्यात जातात ते घड्याळ लावून बघा. लोगोवरच अडकत असेल तर संशय हार्डवेअरवर. ठिपक्यांत वेळ जात असेल तर डिस्क किंवा विंडोज. डेस्कटॉप आल्यावर घुटमळत असेल तर डिस्क, रॅम आणि आपोआप उठणारे प्रोग्राम.

आता क्रोम आणि विंडोज. दोन्ही सॉफ्टवेअरच, पण त्यांचे अधिकार सारखे नाहीत. क्रोमला डिस्कवरची फाइल थेट उघडता येत नाही, की रॅममधली जागा स्वतः घेता येत नाही. प्रत्येक वेळी विंडोजकडे मागावं लागतं. एकच प्रोसेसर पन्नास प्रोग्रामांत वाटणं, कुणाला किती रॅम द्यायची ते ठरवणं, एकाच्या जागेत दुसऱ्याला घुसू न देणं, फाइली कुठे ठेवल्या त्याची नोंद राखणं, ही ऑपरेटिंग सिस्टमची कामं. विंडोज, लिनक्स, मॅकओएस, फोनमधलं अँड्रॉइड ही सगळी त्याच जातीची.

तुमच्या नोटिसांवरूनच बघा. कळफलकावर इंग्रजी ‘के’ छापलेली कळ दाबली की कळफलक ‘के’ पाठवत नाही. अमुक क्रमांकाची कळ दाबली गेली, एवढंच तो कळवतो. हे हार्डवेअर. त्या क्रमांकाचा अर्थ ‘के’ लावायचा की ‘क’, हे निवडलेल्या भाषेप्रमाणे विंडोज ठरवतं. ही ऑपरेटिंग सिस्टम. आलेला ‘क’ कुठल्या ओळीत बसवायचा, ओळ कुठे मोडायची, हे वर्ड बघतं. ते झालं तुमचं रोजचं सॉफ्टवेअर. आणि ‘क’चा गोलावा कसा दिसेल ते फॉन्टच्या फाइलीत असतं. मराठी उमटत नसेल तर कळफलक बदलून काही होणार नाही, ते यामुळे.

४ जीबी आणि १ टीबी. माप एक, जागा दोन. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, डिस्क म्हणजे कोठीची खोली. कोठीत वर्षाचं धान्य मावेल, पण भाजी चिरायची ती ओट्यावरच. वीज गेली की ओटा पुसला जातो, कोठीतलं जागेवर राहतं. ‘सेव्ह करा’ म्हणजे ओट्यावरचं कोठीत नेऊन ठेवा.

आता मोजा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. खाली ‘मोअर डिटेल्स’ असेल तर दाबा, मग ‘परफॉर्मन्स’ पानावर जा. यंत्र सर्वात जास्त रखडत असेल तेव्हाचे आकडे लिहून घ्या:

सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) किती टक्के. मेमरी किती पैकी किती. मेमरीच्या पानावर खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘स्पीड’. डिस्क किती टक्के, वाचनाचा वेग आणि ‘अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’.

शिवाय स्टार्टमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ लिहून जे उघडेल त्यात ‘बायॉस मोड’समोर काय आहे तेही बघा. दोन्ही दुकानदार चूक आहेत असं मला वाटतंय, पण आकडे आल्यावर बोलू.

पाटीपेन्सिल:

कळफलकाच्या उदाहरणाने डोक्यात प्रकाश पडला. आकडे हे घ्या. लोगो सात-आठ सेकंद, ठिपके दोन मिनिटं, बाकी वेळ डेस्कटॉप दिसल्यावर.

सीपीयू १८ टक्के. मेमरी ३.९ पैकी ३.३ जीबी. स्लॉट दोनपैकी एक वापरात, स्पीड १६००. डिस्क १०० टक्के, पण वाचनाचा वेग सेकंदाला १.४ एमबी आणि रिस्पॉन्स टाइम ६०० मिलिसेकंदांच्या वर. बायॉस मोड: लेगसी.

डिस्क १०० टक्के कामात असताना वेग फक्त १.४ एमबी? डिस्क मेली आहे का?

नट-बोल्ट:

मेली असेलच असं नाही. फिरत्या हार्ड डिस्कचा स्वभावच असा आहे. गणित सोपं आहे.

लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी डोकं योग्य पट्ट्यावर न्यायला बारा-एक मिलिसेकंद. एका ठिकाणचा तुकडा उचलायला सतरा-अठरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साठेक तुकडे. तुकडा ४ केबीचा असेल तर सेकंदाला पाव एमबीसुद्धा हाती लागत नाही. सलग मोठी फाइल वाचताना हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबी देते. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली इथून-तिथून उचलते, आणि वर अपडेट, अँटिव्हायरस, क्रोम सगळे रांगेत उभे. ६०० मिलिसेकंद ही त्या रांगेतली वाट आहे.

एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं. कुठलाही तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात मिळतो. म्हणून या यंत्राला आधी एसएसडी, मग रॅम. १८ टक्क्यांवर असलेला प्रोसेसर तुमचा शत्रू नाही. तो बिचारा डिस्कची वाट बघत बसलाय.

रॅमही मात्र खरोखर कमी आहे. खटपट्या यांच्या ओट्याचा दाखला इथे थोडा अपुरा पडतो. ओटा भरला की स्वयंपाक थांबतो. विंडोज थांबत नाही. ती सध्या न लागणारी भांडी कोठीत नेऊन ठेवते आणि लागली की परत आणते. म्हणजे रॅम कमी पडली की भार पुन्हा डिस्कवरच. तुमची दोन दुखणी एकमेकांना वाढवतायत.

काय घ्यायचं:

एसएसडी २.५ इंची, साटा जोडणीची, ७ मिलिमीटर जाडीची. २५६ जीबी पुरे, ५०० असेल तर उत्तम. दुकानात ‘एनव्हीएमई जास्त फास्ट आहे’ म्हणून च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम.२ गळ्यात मारतील. या काळातल्या बहुतेक लॅपटॉपांत तिला जागाच नसते. साटाची कमाल सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास असते, आणि तुमच्या कामांत त्यापुढचा फरक डोळ्यांना कळणार नाही.

रिकाम्या स्लॉटसाठी रॅमची एक ४ जीबीची पट्टी, डीडीआर३एल, १६०० ची, लॅपटॉपची म्हणजे सोडिम. शेवटचा ‘एल’ महत्त्वाचा: ती १.३५ व्होल्टवर चालते. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची, खाच त्याच जागी, म्हणून बसते छान. पण पाचव्या पिढीचा हा प्रोसेसर तिच्यावर चालत नाही, आणि स्क्रीन काळी राहते. डीडीआर४ तर बसणारच नाही, तिला २६० पिना असतात, हिला २०४. पट्टीवरच्या लेबलवर ‘पीसी३एल’ लिहिलंय का ते स्वतः वाचा.

बसवताना: बंद करा, अडॅप्टर काढा, बॅटरी काढा. बॅटरी आत असेल तर झाकण उघडल्यावर पहिलं काम तिचा कनेक्टर सुटा करणं. मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा, उरलेली वीज निघून जाते. नळाच्या किंवा खिडकीच्या गजाच्या उघड्या धातूला हात लावून घ्या, नायलॉनचे कपडे नकोत. रॅम तिरकी, साधारण तीस अंशांत, खाच जुळवून पूर्ण आत सरकवा आणि मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक’ झाल्या पाहिजेत. सोनेरी पट्टा बाहेर दिसत असेल तर बसलेली नाही. चालू केल्यावर स्क्रीन काळी आणि बीप आले तर दहातल्या नऊ वेळा पट्टी अर्धवट बसलेली असते. काढा, सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबराने हलकी पुसा, चुरा झटका, पुन्हा बसवा.

जुनी डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत चार स्क्रूंनी अडकवलेली असते. तीच चौकट काढून एसएसडीला लावा.

लॅपटॉपला डीव्हीडीचा कप्पा असेल तर १ टीबीची जुनी डिस्क ‘कॅडी’त (डीव्हीडी ड्राइव्हच्या मापाच्या चौकटीत) घालून तिथे बसवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाड्यांत मिळते, आधी डीव्हीडी ड्राइव्ह काढून मोजा. एसएसडी मात्र मूळ जागीच ठेवा; काही लॅपटॉपांत डीव्हीडीच्या जोडणीचा वेग निम्मा असतो.

आणि हे सगळं करायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम चालवा. ‘०५ रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘सी५ करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळींच्या शेवटच्या रकान्यात शून्यं असतील तर डिस्क नुसती म्हातारी आहे. सी५ मध्ये आकडा असेल, वरचा निळा चौकोन पिवळा झाला असेल, तर ती खरंच जायच्या वाटेवर आहे. तेव्हा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि फोटो-कागदपत्रं आधी दुसरीकडे काढा.

पेंग्विनप्रेमी:

दुसऱ्या दुकानदाराचं ‘विंडोज ११ टाकून देतो’ राहिलं.

अशा प्रोसेसरच्या नावातले शेवटचे तीन आकडे सोडले की आधी उरतो तो आकडा त्याची पिढी सांगतो. ५००५यू म्हणजे पाचवी, ८२५०यू आठवी, १०११०यू दहावी. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ ची अधिकृत यादी मोजके अपवाद सोडता आठव्या पिढीपासून सुरू होते. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूट लागतं. तुमचं यंत्र त्यात बसत नाही. नियम चुकवून ते चढवता येतं आणि चालतंही, पण अशा यंत्राला अपडेट मिळतीलच अशी जबाबदारी मायक्रोसॉफ्ट घेत नाही. दुकानदार तेवढं वाक्य गाळतात.

दुसरीकडे विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या दिवशी यंत्र बंद पडत नाही. नवी भोकं सापडली तर बुजवली जात नाहीत, इतकंच. बँकेचं काम करणाऱ्या यंत्राला ‘इतकंच’ पुरेसं वाईट आहे. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. नोंदणी विंडोज अपडेटच्याच पानावर होते.

कायमचा मार्ग म्हणजे हार्डवेअर तेच ठेवून ऑपरेटिंग सिस्टम बदलणं. लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार; त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. ४ जीबीवर ‘एक्सएफसीई’ आवृत्ती घ्या, ८ जीबी केलीत तर ‘सिनॅमन’. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस आत येतंच, क्रोमही मिळतं. पैसे लागत नाहीत.

न बसवता आधी चालवून बघता येतं, हा त्यातला सर्वात मोठा फायदा. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यावरचं सगळं पुसलं जाईल). मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल उतरवा, साधारण तीन जीबीची. रूफस नावाच्या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट केली तर यंत्र तिच्यावरून सुरू होणार नाही, ही नवशिक्यांची ठरलेली चूक. मग रीस्टार्ट करून लोगो दिसताच बूट मेनूची कळ: डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ१२, एचपीत एफ९. यादीतला पेनड्राइव्ह निवडा. मिंट पेनड्राइव्हवरूनच रॅममध्ये चालेल, डिस्कला हात लागणार नाही. वायफाय, आवाज, टचपॅड, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होणं, आणि मुख्य म्हणजे तुमचा प्रिंटर, हे सगळं अर्धा तास तपासा. प्रिंटर हीच अडखळायची जागा आहे. बरेच चालतात, पण काही स्वस्त लेझर प्रिंटरांचा लिनक्सचा ड्रायव्हर मिळत नाही. हार्डवेअर धडधाकट, ऑपरेटिंग सिस्टम धडधाकट, आणि मधला दुभाष्याच नाही, असा तो प्रकार.

मिंट कुणी घेऊ नये? टॅली चालवणाऱ्यांनी. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनीही जपून. ती कामं विंडोजवर बेतलेली आहेत.

एक बारीक गोष्ट. विंडोज १० मध्ये ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद होणं नसतं. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोज आपला गाभा डिस्कवर गोठवून ठेवते आणि पुढच्या वेळी तोच उचलते. पूर्ण नव्याने सुरू व्हायचं असेल तर ‘रीस्टार्ट’. ‘बंद करून चालू केलं तरी अडचण तशीच, रीस्टार्टने गेली’, याचं उत्तर हेच. याच कारणाने मिंटमधून विंडोजची डिस्क उघडली तर नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. दोन्ही ठेवणार असाल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा.

खटपट्या:

विंडोज १० च नव्या एसएसडीवर घ्यायचं ठरलं तर दोन-तीन खड्डे आहेत.

सेटिंग्जमधल्या ‘अॅक्टिव्हेशन’ पानावर ‘डिजिटल लायसन्स’ने सक्रिय असं दिसत असेल तर किल्ली विकत घ्यायची नाही. लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं. डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती टाकून नेटला जोडलं की आपोआप सक्रिय होतं. दुकानात ‘मारलेलं’ विंडोज असेल तर मात्र तपासा. सक्रिय करण्याच्या चोरट्या साधनासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि मग आत काय शिरलं ते कुणीच बघत नाही.

बसवताना जुनी हार्ड डिस्क काढून ठेवा, कॅडीतही नको. ती जोडलेली असेल तर कधीकधी विंडोज एसएसडीवर आणि बूट लोडर जुन्या डिस्कवर जातो. सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की यंत्र उठत नाही, आणि दोष एसएसडीवर येतो.

तुमचा बायॉस मोड लेगसी आहे, म्हणजे यूईएफआयच्या आधीची जुनी बायॉस पद्धत. नवीन बसवणी यूईएफआयमध्येच करा. बसवताना ‘निवडलेली डिस्क जीपीटी पद्धतीची आहे’ म्हणून विंडोजने नकार दिला, तर डिस्क बिघडलेली नाही (जीपीटी ही डिस्कचे भाग पाडायची नवी पद्धत). पेनड्राइव्ह लेगसी पद्धतीने सुरू झालाय. बूट मेनूत त्याच पेनड्राइव्हच्या दोन ओळी दिसतात, त्यातली ‘यूईएफआय’ शब्दाची निवडा.

एसएसडी २५६ ची आणि विंडोजमध्ये २३८ दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. तुमची १ टीबी ९३१ दिसते तीही त्यामुळेच.

कळफलक:

मराठी टायपिंगचं वर अर्धंच सांगून झालंय, आणि सोसायटीच्या नोटिसांत खरा त्रास तोच होणार आहे.

जुन्या नोटिसा कुठल्या फॉन्टमध्ये आहेत ते आधी बघा. फॉन्टचं नाव कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख किंवा श्रीलिपीतलं एखादं असेल, तर त्या फाइलीत ‘क’ हे अक्षर साठवलेलंच नाही. साठवलंय कुठलंतरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि त्याच्या जागी देवनागरी आकार दाखवायचं काम फॉन्ट करतो. नव्या यंत्रात तो फॉन्ट नसेल तर नोटीस उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. फाइल खराब झालेली नसते, व्हायरसही नसतो. म्हणून फॉरमॅटच्या आधी विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून ते फॉन्ट कॉपी करून ठेवा. नवीन मजकूर युनिकोडमध्येच लिहा: मंगल, निर्मला, नोटो यांपैकी कुठलाही फॉन्ट चालेल, आणि तोच मजकूर फोनवरही नीट दिसेल.

विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, ‘टाइम अँड लँग्वेज’, ‘लँग्वेज’ इथे मराठी जोडा. दोन कळफलक मिळतात. ‘फोनेटिक’मध्ये इंग्रजी अक्षरांनी लिहायचं, मराठी उमटतं. ‘इनस्क्रिप्ट’मध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या; पंधरा दिवस जड जातं, मग हात पळतो. भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेसबार. मिंटमध्येही इनस्क्रिप्ट आहे, कळा त्याच.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक टाइप करता येतो. रफारासाठी नेहमीचा र, मग हलन्त, मग य. ‘दऱ्या’तल्या आडव्या र साठी इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून र ची कळ, म्हणजे ऱ, मग हलन्त, मग य. नोटिशीत ‘पायऱ्या’ लिहायला हे लागतंच.

पाटीपेन्सिल:

सी५ मध्ये शून्य आहे, ०५ मध्येही. म्हणजे डिस्क म्हातारी, आजारी नाही. आधी एसएसडी, मग रॅम, आणि मिंट पेनड्राइव्हवरून प्रिंटर जोडून बघणार.

एक विचारायचं राहिलं. लॅपटॉप दोन-तीन दिवस अडॅप्टरशिवाय पडून राहिला की तारीख मागे जाऊन २०१५ होते. मग क्रोम बँकेच्या, सरकारी फॉर्मांच्या, सगळ्याच साइटना ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’ म्हणतो. हे व्हायरसचं लक्षण का?

नट-बोल्ट:

नाही, हे नाण्याएवढ्या सेलचं लक्षण आहे. मदरबोर्डवर ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल असतो. यंत्राला कुठूनच वीज नसताना घड्याळ तो चालवतो. तो उतरला की तारीख मागे जाते. प्रत्येक सुरक्षित साइट आपल्या ओळखपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं लिहून देते. तुमचं यंत्र २०१५ सालात बसलेलं, त्याच्या हिशेबाने ही ओळखपत्रं अजून जन्मालाच आलेली नाहीत, म्हणून क्रोम दार बंद करतो. तात्पुरतं घड्याळ दुरुस्त केलंत तरी साइट लगेच उघडतील. लॅपटॉपची मोठी बॅटरी बरी असती तर तिनेच घड्याळ सांभाळलं असतं, म्हणजे तीही संपत आलेली दिसते.

रॅमसाठी झाकण उघडणारच आहात, तेव्हाच सेल बदला. डेस्कटॉपमध्ये तो चिमट्यात असतो. लॅपटॉपमध्ये बहुधा काळ्या-पिवळ्या वेष्टनात, लाल-काळ्या दोन वायरी आणि छोटा कनेक्टर असलेला मिळतो. दुकानात ‘वायरवाला सीएमओएस सेल’ म्हणून मागा आणि जुना सोबत न्या, कनेक्टर वेगवेगळे येतात. मल्टिमीटर असेल तर जुना मोजून बघा, २.८ च्या खाली असेल तर गेला.

पण हे जुन्या डिस्कवर विंडोज असतानाच करणार असाल तर सावध. सेल काढला की काही यंत्रांत बायॉस मूळ सेटिंगवर जातं, म्हणजे लेगसीचं यूईएफआय होतं. तुमचं आताचं विंडोज लेगसीवालं आहे, ते उठणार नाही आणि पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येईल. डिस्क गेली म्हणून तिसऱ्या दुकानात धावू नका. बायॉसमध्ये जाऊन बूट मोड परत लेगसी करा, सेव्ह करून बाहेर या. सेल काढायच्या आधी बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलात तर कुठला पर्याय कसा होता ते शोधत बसावं लागणार नाही.